मोडेल तो उसवेल

टाकेबाईंच्या खोलीत एक स्टूल होतं. बुटकं, तीन पायांचं, आणि तिन्ही पाय तीन उंचीचे. बसणारा घटकेत इकडं कलंडायचा, घटकेत तिकडं. बाईंचे यजमान मिस्त्री, त्यांनी कितीदा सांगितलं की आण इकडं, पाय घासून सारखे करून देतो. बाईंनी दिलं नाही. ते स्टूल आरामासाठी नव्हतंच मुळी.

खोली होती विमान चालवायला शिकवणाऱ्या क्लबाच्या शेडमागं. पत्र्याचं छप्पर, एकच लांबट खिडकी, खिडकीतून दिसणारी गवताची धावपट्टी. मधे खोलीभर टेबल आणि त्यावर बहुतेक वेळा एखादा पंख आडवा पडलेला. बाई विमानांचे पंख शिवायच्या. हे सांगितलं की नवखी माणसं हसायची, मग बाई त्यांना टेबलाजवळ बोलवायच्या आणि सुई दाखवायच्या. वीतभर सुई, मेण चोळलेला दोरा. जुन्या लहान विमानाचा पंख म्हणजे लाकडी फासळ्यांचा सांगाडा; त्यावर कापड ताणायचं, फासळी-फासळीला शिवायचं, दर चार बोटांवर एक गाठ. वरून डोप म्हणून एक उग्र वासाचा लेप चढवायचा, की कापड आक्रसून नगाऱ्यासारखं वाजायला लागतं. एका पंखाला सातशे गाठी. बाई गाठ आवळताना दोऱ्याचं एक टोक दातात धरायच्या. त्या सवयीनं पुढचे दोन दात झिजून गेले होते, आणि बोलता बोलता त्या मधेच दात आवळायच्या, तेव्हा समोरच्याला वाटायचं बाई रागावल्या. बहुतेक वेळा ते खरंच असायचं.

लग्नाआधी त्या शाळेचे गणवेश शिवायच्या. मिस्त्रींनी एकदा विमानाच्या गादीचं कव्हर शिवायला आणलं, आणि टाके बघून म्हणाले, हे टाके गादीवर वाया चाललेत. असलं लग्नाचं मागणं कुणी घातलं नसेल, पण बाईंना तेवढं पुरलं.

आता स्टुलाचं. क्लबात एक जुना नियम होता, कुठं लिहिलेला नव्हता पण सगळे पाळत. ज्यानं विमान मोडलं, त्यानंच फाटलेल्या पंखाचं कापड उसवायचं. मालक असो, मुलगी असो, म्हातारा असो. टाकेबाईंच्या खोलीत, त्या स्टुलावर बसायचं, आणि छोट्या कात्रीनं एकेक गाठ कापायची. मोडेल तो उसवेल. तोवर नवं कापड चढत नसे.

मोडायचे ते सगळे एकाच तऱ्हेनं. क्लबात शेपटीला चाक असलेली दोन विमानं होती, एक पिवळं आणि एक निळं. पुढं दोन मोठी चाकं, मागं शेपटीखाली एक लिंबाएवढं. सगळं वजन मोठ्या चाकांच्या मागं. जमिनीला टेकल्यावर नाक थोडं वाकडं झालं, की शेपटी म्हणते, मीच पुढं जाते. दोन्ही पायांखालच्या पेडलांनी त्याला सारखं जागेवर ठेवावं लागतं. नवशिका घामाघूम होऊन खाली येतो, चाकं टेकतात, आणि त्याला वाटतं, सुटलो. पाय ढिले पडतात. तेवढ्यात बाजूचा वारा शेपटीला ढोसतो, विमान भिंगरीसारखं फिरतं, एक पंख जमिनीला घासतो, आणि कापड टरकन फाटतं.

स्टुलावर बसलेला प्रत्येक जण पाचपन्नास गाठी कापून झाल्यावर बोलायला लागायचा. बाई विचारायच्याही नाहीत. "बाई, मला वाटलं, उतरलो." सगळ्यांचं वाक्य तेच. गावातला दंतवैद्य तर तीन वेळा बसून गेला. तिसऱ्या वेळी म्हणाला, बाई, तुमच्या दातांवर मी फुकट टोप्या बसवतो, फक्त हे स्टूल बदला. बाई म्हणाल्या, दात माझे आहेत, स्टूल क्लबाचं.

मिस्त्री नवशिक्यांना दोनच गोष्टी सांगायचे. एक, दोरीनं विमान बांधून होईस्तोवर उतरलो म्हणू नये. आणि दुसरी म्हणजे नुसता एक शब्द. विमान टेकताना ते शेडच्या दारात उभे राहून ओरडायचे, "पाय!" धावपट्टीवर तो आवाज पोचत नसे. पण शिकणाऱ्याच्या डोक्यात पोचायचा.

हे असं बरं चाललं होतं. मग अकरा वर्षांपूर्वी भाचेसाहेबांनी पिवळं मोडलं.

भाचेसाहेब म्हणजे क्लबाच्या अध्यक्षांचे भाचे. तरुण, गोरेगोमटे, आणि जन्मल्यापासून कुणी 'चुकलास' म्हटलेलं नाही असे. सकाळी मिस्त्रींनी पिवळं तपासून सही केली. दुपारी भाचेसाहेबांनी ते उतरवलं आणि गर्रकन फिरवलं. डावा पंख फाटला, पुढचं एक चाक दुमडलं. माणूस धडधाकट बाहेर आला. लोक धावत पोचले तेव्हा तो गवतात वाकून काहीतरी शोधत होता. मग त्यानं खिशात हात घातला आणि शेपटीच्या चाकाची खिट्टी काढून दाखवली. ते चाक भलतीकडं वळू नये म्हणून असते ती, करंगळीएवढी लोखंडी कांडी. म्हणाला, ही सुटून पडली होती. मिस्त्रींनी नीट बसवलीच नव्हती.

मिस्त्री एवढंच म्हणाले की सैल राहून झटक्यानं निघालेली खिट्टी वाकते, ही सरळ आहे. मामा खुर्चीत, भाचा शेजारी. चौकशी म्हणायची तिला म्हणून म्हणायची. कागदावर आलं, मिस्त्रींची हयगय. परवाना सहा महिने काढून घेतला. आणि ज्याची चूकच नाही त्यानं उसवायचं कशाला? भाचेसाहेब स्टुलावर बसले नाहीत.

सहा महिन्यांनी परवाना परत आला. मिस्त्री परत गेले नाहीत. घरी बसून लोकांचे पाण्याचे पंप दुरुस्त करायला लागले. हातात तीच सफाई होती, पण माणूस सही करीना. कशावरच. पार्सल आलं तर म्हणायचे, अगं, तू कर. मुलीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर, बँकेत, भाड्याच्या करारावर, सगळीकडं बाईंची सही. एकदा टपालवाला गमतीनं म्हणाला की मिस्त्रींना लिहिता येत नाही काय. मिस्त्री हसले. बाई हसल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी ती सरळ खिट्टी, जी मिस्त्रींनी घरी आणून खिडकीत टाकून दिली होती, उचलून बटणांच्या डब्यात ठेवली.

पिवळं विमान शेडच्या कोपऱ्यात फाटका पंख घेऊन उभं राहिलं. अध्यक्षांनी निरोप पाठवला, शिवायला घ्या. बाईंनी उलटा निरोप दिला, उसवणारा पाठवा. दुसरा शिवणारा पंचक्रोशीत नव्हता. अध्यक्ष वारले, भाचेसाहेब क्लबाचे मुख्य शिक्षक झाले, लोक त्यांना कप्तान म्हणायला लागले. क्लबानं नाकाला चाक असलेली पत्र्याची नवी विमानं घेतली, ती चुका पोटात घालतात. पिवळं तिथंच. त्याच्यावर धूळ बसली, आणि बाईंच्या रागावर बसली नाही.

बाईंनी या अकरा वर्षांत एकच गोष्ट नीट पाहिली. कप्ताननं निळ्या विमानाला हात लावला नाही. एकदाही नाही. कधी पाठ धरलेली, कधी वेळ नसलेला, कधी "ते तुम्ही शिकवा, मला नव्यांचं बघू दे." खिट्टीमुळं पडलेला माणूस खिट्टीला भितो, विमानाला नाही. हा विमानालाच भीत होता. म्हणजे याला अजून उतरता येत नाही, आणि ते यालाही ठाऊक आहे. हे ज्या दिवशी बाईंच्या ध्यानात आलं त्या दिवशी त्यांनी निम्मा पंख एका बैठकीत शिवला.

क्लबाला पन्नास वर्षं होणार होती. कप्तानच्या डोक्यात आलं की समारंभात पिवळं उडालं पाहिजे, तेच क्लबाचं पहिलं विमान. तो स्वतः बाईंच्या खोलीत आला. स्टूल सोडून भिंतीला टेकून उभा राहिला आणि गोड बोलला. झालं गेलं, एवढी वर्षं झाली, मिस्त्रींनाही पहिल्या रांगेत बसवू. बाईंनी दात आवळले, मग म्हणाल्या, बरं.

क्लबात सगळ्यांनी सुस्कारा सोडला. बाईंनी माफ केलं म्हणे. दंतवैद्य तेवढा म्हणाला, त्या दातांनी माफ केलेलं मी पाहिलेलं नाही.

सात महिने लागले. दोन्ही पंखांचं जुनं कापड बाईंनी स्वतः उसवलं, चौदाशे गाठी, आणि प्रत्येक गाठीला मनात एकच नाव घेतलं. मग नवं कापड, नवा दोरा. आयुष्यात शिवले नाहीत असे पंख त्यांनी शिवले. मिस्त्री एकदा रात्रीचं जेवण उरकल्यावर त्यांच्या बोटांना तेल चोळत होते. बोटांच्या चिरा बघून म्हणाले, त्याच्यासाठी एवढं?

"त्याच्यासाठीच," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी हात थांबवला. बायकोचा चेहरा पाहिला. मग पुन्हा चोळायला लागले आणि विचारलं की वारा कुठला असतो आताशा.

"तिसऱ्या प्रहरी आडवा."

मिस्त्रींनी तेलाची बाटली बंद केली. उठताना म्हणाले, शेपटीच्या चाकाला शिसं लावून सील करायला सांग. तपासनिसाच्या हातानं. लोकांदेखत.

समारंभाच्या दिवशी बाहेरच्या खात्याचा तपासनीस आला, काटकुळा, नाकावर चष्मा, कुणाचा भाचा नसलेला. बाईंनी त्याला पंख वाजवून दाखवले. मग म्हणाल्या, साहेब, मागच्या वेळी खिट्टीनं घात केला होता, तेवढी तुम्ही बघा. त्यानं खिट्टी बघितली, तार ओवली, शिशाचं सील दाबलं. पन्नास-साठ माणसं बघत होती. कप्तानही बघत होता, पण हसून.

त्यानं दोन दिवस सकाळच्या शांत हवेत, शेजारी दुसरा शिक्षक बसवून, निळ्यावर हात साफ करून घेतला होता. उड्डाण सकाळी नऊचं ठरलं होतं. साडेआठला बाईंनी पंखाच्या टोकावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, इथला लेप ओला आहे, दुपारपर्यंत थांबावं लागेल. तो ओला होता हे खरं. बाईंनीच आठ वाजता लावला होता.

भाषणं झाली, जेवणं झाली. तीन वाजता वाऱ्याची पिशवी, जी बाईंनीच शिवलेली होती, खांबावर धावपट्टीला आडवी ताठ उभी राहिली. कप्ताननं तिच्याकडं पाहिलं आणि त्याला पाठ आठवली. म्हणाला, दुसऱ्या कुणाला तरी मान देऊ या.

बाई पुढं आल्या. आवाज चढवला नाही.

"असं कसं कप्तान? शेवटचं तुम्हीच उतरवलं होतं. पुढचं दुसऱ्या कुणी का उतरवावं? खिट्टी तर आता पक्की आहे."

माणसं हसली. दंतवैद्य सगळ्यात मोठ्यानं. आणि बाईंनी जोडून दिलं की दुरुस्त करणाऱ्यानं पहिल्या फेरीला बरोबर बसायचं ही जुनी रीत आहे, मिस्त्री कायम बसायचे, तर मी बसते. बाई माणूस बसायला तयार, आणि कप्तान नाही म्हणणार? तो चढला.

बाईंनी चपला गवतावर काढून ठेवल्या. सीटवर बसल्या, आणि चक्क मांडी घातली. ठेंगण्याच होत्या, मावली. पट्टा वरून बांधून घेतला. दोघांच्या सीटा शेजारी-शेजारी, पेडलं दोघांच्याही पायाशी. बाई दारातून लोकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझे पाय मधे यायला नकोत बाई, काही झालं तर माझ्या नावावर." पुन्हा हशा. विमानात जेवायला बसल्यासारख्या बसल्यात, असं कुणीतरी म्हणालं.

वर गेल्यावर बाईंनी खाली पाहिलं नाही. त्या कप्तानचे बूट बघत होत्या. चकचकीत, काळे, पेडलांवर नाचणारे. उड्डाण ठीक झालं. एक फेरी झाली. मग तो वळला आणि खाली यायला लागला, आणि बाईंना त्याच्या कपाळावरचा घाम दिसला, हनुवटीवरून ओघळलेला दिसला. त्या घामाची त्यांना दया येईल असं वाटलं होतं. नाही आली.

चाकं टेकली. उडी मारली, पुन्हा टेकली. शेपूट खाली बसलं. आणि कप्ताननं श्वास सोडला.

"उतरलो," तो म्हणाला.

बूट ढिले पडले. टाचा फरशीवर, चवडे हवेत. बाईंना नाक उजवीकडं वळताना दिसलं, अगदी बोटभर. एक शब्द होता. मिस्त्रींचा शब्द, अकरा वर्षं कुणी न ओरडलेला. तो बाईंच्या जिभेवर आला. तेवढा म्हटला असता तरी त्याचे पाय जागे झाले असते, पंख वाचला असता, सात महिने वाचले असते.

बाईंनी दात आवळले, दोरा धरल्यासारखे.

शेपूट फिरलं. जग खिडकीतून आडवं सरकलं, डावा पंख खाली गेला, आणि मग तो आवाज आला. बाईंना एकेक फासळी ऐकू आली. टोकाची, तिच्या आतली, तिच्या आतली. सात फासळ्या त्यांनी मोजल्या. विमान धुळीत उलट्या तोंडानं थांबलं. बाईंचा खांदा दारावर आपटला होता आणि ओठ फुटला होता. कप्तानला काहीही झालं नव्हतं. त्याला कधी काही होत नसे.

माणसं धावत आली. दार उघडायच्या आधीच तो बोलायला लागला होता, की बाईंनी घाबरून पेडलवर पाय—

दार उघडलं. बाई मांडी घालूनच होत्या. पायांना मुंग्या आलेल्या, सुटेना. दंतवैद्यानं आणि तपासनिसानं त्यांना तशाच, बसल्या मांडीनं, मूर्ती उचलावी तशा उचलून बाहेर ठेवल्या. अनवाणी पाय, तळवे कोरडे. लांब गवतावर चपला. कप्तानचं वाक्य अर्ध्यातच राहिलं.

तपासनीस शेपटीशी वाकला. सील शाबूत होतं. तार कापून त्यानं खिट्टी ओढून काढली. ती जागची हलली नव्हती, आणि सरळच्या सरळ होती.

बाईंनी रक्त पुसलं, कमरेच्या पिशवीतून दुसरी खिट्टी काढली आणि त्याच्या तळहातावर पहिलीच्या शेजारी ठेवली. "ही अकरा वर्षांपूर्वीची, साहेब. यांच्या खिशातून निघालेली."

दोन्ही सरळ. तपासनिसानं चष्मा वर केला, दोन्ही पाहिल्या, आणि कप्तानकडं पाहिलं. "सुटून पडली असती तर वाकली असती. ही हातानं काढलेली आहे," तो म्हणाला. पहिल्या रांगेतून चालत आलेले मिस्त्री शेजारी उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली, जणू कुणी वेळ सांगितली आणि ती बरोबर होती.

पुढच्या आठवड्यात जुना कागद रद्द झाला. नवा कागद मिस्त्रींच्या घरी आला, पोच म्हणून सही मागत. बाईंनी सवयीनं पेन उचललं. मिस्त्रींनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, सही केली, आणि अक्षर वळणदार आलं नाही म्हणून बराच वेळ त्याच्याकडं बघत बसले.

कप्तानला क्लबात राहायचं होतं. राहायचं तर सगळ्यांसारखं, असं ठरलं, आणि ते दंतवैद्यानं मांडलं. सोमवारी सकाळी तो टाकेबाईंच्या खोलीत आला आणि स्टुलावर बसला. डावीकडं कलंडला, सावरला, उजवीकडं कलंडला. बाईंनी त्याच्या हातात कात्री दिली. पहिल्या दिवशी तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशी, सहासात फासळ्यांनंतर, म्हणाला, "बाई, तेव्हाही पाय ढिलेच होते. मामांना काय सांगायचं सुचेना, म्हणून मग खिट्टी काढली."

बाई खिडकीशी दोऱ्याला मेण चोळत होत्या. म्हणाल्या, मला सांगू नका, त्यांना सांगा. दारात मिस्त्री डबा घेऊन उभे होते. कप्ताननं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी खाली मान घालून. मिस्त्रींनी ऐकून घेतलं. मग त्यांची नजर त्याच्या हाताकडं गेली. बोटांना फोड आले होते.

"अगं, बोथट कात्री दिलीस त्याला."

"हो," बाई म्हणाल्या. धारदार कात्री त्यांच्या गळ्यात दोरीला लटकत होती.

मिस्त्रींनी हात पुढं केला, तीच मागत असावेत. बाईंनी ती झाकून धरली. संध्याकाळपर्यंत डाव्या पंखाची शेवटची गाठ सुटली. कप्तान कमरेवर हात ठेवून उठला, मान मोडली आणि म्हणाला, झालं.

बाईंनी भिंतीला उभा केलेला उजवा पंख ओढून टेबलावर आणला. धडधाकट, कुठं ओरखडा नाही, आयुष्यात शिवला नव्हता असा. त्यावर टिचकी मारली. नगाऱ्यासारखा वाजला.

"हा कशाला?" त्यानं विचारलं. "हा कुठं फाटलाय?"

"तो या वेळचा," बाई म्हणाल्या. "हा तेव्हाचा. बसा."